घरापुरत्या चार ओळी

बाजाराच्या दिवशी येरमाळ्यात कुणी नागूबाईला एक कप चहा पाजून दाखवावा. सव्वीस वर्षं ती त्या बाजारात भाजी विकते आहे, पण तिथल्या पाण्याचा एक घोटही तिच्या घशाखाली उतरलेला नाही. पहिल्याच वर्षी तिनं एका चहावाल्याला पेले विसळताना पाहिलं होतं. एकच बादली, तिच्यात सकाळपासूनचं तेच पाणी, वर तरंगणारी चहापत्ती आणि कुणाच्या तरी मिशीचा केस. तेवढं पुरे झालं. तेव्हापासून ती घरून पितळी तांब्या भरून आणते, त्याच्या तोंडाला फडकं बांधून. दुपारी भाकरी सोडायच्या आधी त्याच पाण्यानं कोपरापर्यंत हात धुते, बोटांच्या बेचक्यांतून बोट फिरवून.

शेजारी बसणारी हरणाबाई दर बाजारी तेच म्हणते. "सोवळे, भाकरीलाबी एकदा आंघोळ घाल की. गिरणीत कुणाकुणाचं पीठ चिकटलंया तिला."

"न्हाय चिकटत. म्या आधी शेरभर जवारी टाकून जातं साफ करून घेती. ते पीठ म्हशीला. मग आपलं."

"म्हंजी म्हशीनं गावाचं उष्टं खायाचं."

"म्हशीला चालतंय."

गावात तिचं नाव सोवळी नागू. पण ते देवाधर्माचं सोवळं नव्हतं आणि जातीपातीचं तर नव्हतंच. पाटलांच्या घरच्या पंगतीतही ती पत्रावळ उलटी करून बघायची. लग्नाच्या जेवणात बुंदीच्या कढईत आचाऱ्याचा घाम टपकताना दिसला, की ती उपाशी घरी यायची आणि येऊन तसं सांगायची, साग्रसंगीत, बाकीच्यांच्या पोटातली बुंदी ढवळेपर्यंत. स्टँडवरच्या वड्यांचं तेल तिनं एकदा निरखलं होतं. बुडाशी जळक्या बेसनाचा गाळ, वर काळा फेस. "गाडीचं आइल बदलत्यात, ह्ये बदलत न्हाईत," ती म्हणाली होती. नातीनं पाच रुपयांचा कुरकुरीत नळ्यांचा पुडा आणला, तर तिनं त्यातली एक नळी वाटीभर पाण्यात टाकून ठेवली. पाणी केशरी झालं. ती वाटी दिवसभर ओट्यावर होती. माशी बसली नाही. संध्याकाळी तिनं वाटी सुनेपुढं, शिवकन्येपुढं सरकवली. "बग. माशीला अक्कल हाय."

घरातलं खाणं मात्र बघण्यासारखं. भाकरी जवारीची, तेल घाण्यावरच्या करडईचं, कालवण कधी हुलग्याचं, कधी अंबाडीचं, ताक घरच्या म्हशीचं. पानात भाजी असायचीच, मेथी, शेपू, चुका, चाकवत. पावसाळ्यात बांधावरची घोळ आणि पाथरी. साठीला आलेली नागूबाई अजून डोक्यावर पाटी घेऊन दोन किलोमीटर चालते. नवरा बलभीम पासष्टीचा, त्याला ना साखर, ना बीपी. कळंबच्या डॉक्टरांनी त्याच्या तपासणीचा कागद बघून म्हटलं होतं, बाबा, तुम्ही खाता तरी काय? ते वाक्य नागूबाईनं बाजारभर सांगितलं.

त्या कागदामागं विहिरीकडच्या चार ओळी होत्या.

नागूबाईच्या घराला पाऊण एकर भाजीचा तुकडा आहे. एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला बांध, बांधापलीकडं दीड एकर हरभरा. भाजीच्या तुकड्यात विहिरीला लागून चार ओळी मेथी, शेपू, चाकवत आणि पातीच्या कांद्याच्या, कडेला दहा झाडं वांग्याची, वाटाण्याचे दोन वेल. त्या चार ओळी जिथं संपतात तिथं तुरकाटी रोवलेली, आणि तुरकाटीला नागूबाईच्या जुन्या हिरव्या चोळीची चिंधी बांधलेली. बलभीम पाठीवर पंप घेऊन फवारत आला, की चिंधीशी थांबतो, नळी बंद करतो, वळतो.

त्याला घरापुरतं म्हणतात. अख्ख्या गावात प्रत्येकाच्या शेतात घरापुरतं आहे. कुणी चिंधी बांधतं, कुणी दगड मांडतं, कुणाच्या नुसतं ध्यानात असतं. जे फवारतात त्याला कुणी विष म्हणत नाही. औषध म्हणतात. औषध मारलं, औषध उतरलं, औषधाला वास लई हाय. बाटलीवरची कवटी सगळ्यांनी बघितलेली असते, म्हणून तर बाटली गोठ्याच्या आढ्याला टांगतात, पोरांच्या हाताला लागू नये म्हणून. फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही तेही त्या बाटलीवर लिहिलेलं असतं, अगदी बारीक अक्षरात. बलभीम मात्र बाजाराच्या आदल्या सांजेला फवारायचा. आदल्या सांजेला मारलं की पान सकाळी ताठ राहतं, एक भोक नसतं, बाजारात गिऱ्हाईक आधी त्याच पेंडीला हात घालतं.

ही काही लपवून केलेली गोष्ट नव्हती. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. चहाच्या बादलीतला केस सव्वीस वर्षं लक्षात ठेवणाऱ्या बाईच्याही नाही. तिची किळस चिंधीपर्यंत यायची आणि तिथंच नळीसारखी बंद व्हायची.

मग दोन वर्षांपूर्वी शांतलिंग सर तिच्याकडं यायला लागले.

सर शाळेतून निवृत्त झालेले, येरमाळ्यातच घर. कापडी पिशवी घेऊन बाजार मांडायच्या आधी हजर. प्लास्टिकची पिशवी कुणी पुढं केली की हात मागं घेणारे. पहिल्या दिवशी ते नागूबाईसमोर बराच वेळ उभे राहिले. ती हात धुत होती.

"तुमचं हे हात धुणं मी तीन बाजार बघतोय," ते म्हणाले. "भाजी आता तुमच्याकडूनच घेणार."

हरणाबाई खो खो हसली. "घ्या सर. लई सोवळी हाय ती. मेथीलाबी पावडर लावून आणती."

सर हसले नाहीत. त्यांच्या बायकोचं, महादेवीताईंचं, सोलापूरला मोठं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर सुया, केस गेले, तोंड आलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज हिरवी पालेभाजी, बाहेरचं काही नको, आणि भाजी खात्रीची घ्या.

"खात्रीची म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही," सर म्हणाले. मग जरा वाकून, अगदी साधेपणानं त्यांनी विचारलं, "नागूबाई, तुम्ही घरी हेच खाता ना?"

"व्हय जी. हेच खातो."

म्हटलं तर खोटं नव्हतं. बी एकच, विहीर एकच, माती एकच. नागूबाईनं मेथीच्या दोन पेंड्या पिशवीत घातल्या आणि वर मूठभर कोथिंबीर ठेवली. सर गेल्यावर तिनं उगाच पुन्हा एकदा हात धुतले.

त्यानंतर दोन वर्षं, दर बाजारी. पालक, चुका, मेथी, शेपू. सरांसाठीच्या पेंड्या ती घरून दोनदा धुऊन आणायची, तिसऱ्यांदा तांब्यातलं पाणी शिंपडायची. एवढं धुतल्यावर काय राहतंय, असं ती स्वतःशी म्हणायची. एकदा तिच्या मनात आलं, की त्यांच्यापुरतं चिंधीच्या अलीकडचं तोडावं. खुरपं घेऊन ती त्या ओळीत बसलीही. पण सरांना वेगळं द्यायचं, तर ते का वेगळं द्यायचं, हे आधी स्वतःला सांगावं लागलं असतं, आणि मग बाकीच्या पाटीकडं बघावं लागलं असतं. ती उठली. चार ओळीत आपलंच भागत न्हाय, असं शिवकन्येला म्हणाली, जिनं काही विचारलंच नव्हतं.

महादेवीताईंची तब्येत सावरत होती. सर दर वेळी सांगायचे. आज अर्धी भाकरी खाल्ली. आज पायऱ्या चढली. "तुमच्या मेथीचा गुण आहे हो." ते असं म्हणाले की नागूबाई मान खाली घालून पेंड्या मोजायची.

गेल्या मार्गशीर्षात सर म्हणाले, "महादेवीचं माहेर नळदुर्गाकडचं. तिथलं शेत गेलं, त्यावर आता धाबा झालाय. येळवशीला शेतात बसून भज्जी खावी असं तिच्या मनात आहे. चार वर्षं झाली, घराबाहेर जेवली नाही. तुमच्याकडं आलो तर चालेल?"

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. त्या दिवशी धाराशिवकडं गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, चुन्यात बुडवलेले पाच दगड मांडून पूजा करायची आणि मग जेवायचं. पालेभाज्या आणि ओले दाणे बेसनात शिजवलेली भज्जी, ताकातली आंबील, बाजरीच्या पिठाचे उकडलेले उंडे. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवायचं. त्या दिवशी कुणालाही नाही म्हणत नाहीत.

"या की जी," नागूबाई म्हणाली.

तिनं तीन दिवस तयारी केली. भांडी राखेनं, मग चिंचेनं घासली. आंबिलीचं मडकं नवं आणलं. भज्जीतलं सगळं घरापुरत्यातलं घेतलं. वाटाणा विहिरीजवळच्या वेलाचा, चाकवत, मेथी आणि पातीचा कांदा चार ओळींतला, तुरीचे दाणे दारातल्या दोन झाडांचे, चिंच घरची. हरभऱ्याचा पाला तेवढा तिनं घातला नाही. परवाच बलभीमनं बांधापलीकडं घाटेअळीसाठी औषध मारलं होतं. अजून वारं तिकडून आलं की सडक्या लसणासारखा वास यायचा. नागूबाईनं कोप मुद्दाम विहिरीच्या बाजूला उभी करायला लावली.

सर आणि महादेवीताई स्कूटरवरून आले. ताई एवढ्याशा झाल्या होत्या. डोक्याला रुमाल, त्याखालून नव्यानं उगवलेले आखूड पांढरे केस. पण त्या उतरल्या आणि चप्पल काढून ढेकळांतून अनवाणी चालायला लागल्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला की शिवकन्या कामातून मान वर करून बघत राहिली.

"ताई, बसा. भज्जी गरम हाय तंवर," नागूबाई म्हणाली.

"बसते हो. जरा शेत बघू द्या. आमच्याकडं वडील आधी शेताला फेरी मारायला लावायचे, मग जेवण."

सर कोपीपाशी मांडी घालून बसले. बलभीमनं आणि मुलानं, योगीराजनं, त्यांना पानाचा डबा पुढं केला. नागूबाई भज्जीत पळी घालून ढवळत होती. चिंचेचा, बेसनाचा, कोवळ्या तुरीचा वास सुटला होता. तिनं पहिलं पान वाढलं, वर लोणी ठेवलं आणि ताईंना हाक मारायला मान वर केली.

महादेवीताई बांध ओलांडून हरभऱ्यात उभ्या होत्या. इथं प्रत्येक पोर जे करतं तेच त्या करत होत्या. शेंडा खुडायचा, त्याच्यावरची आंब जिभेनं चाखायची आणि पाला तसाच तोंडात टाकायचा.

"अहो, आंबट!" त्या लांबून सरांना ओरडून सांगत होत्या. "तसाच आहे हो! अगदी तसाच आंबट!"

नागूबाईच्या हातून पळी सुटली. ती भज्जीच्या पातेल्यात बुडाली. नागूबाई पळत सुटली, लुगडं वर धरून, वाटाण्याच्या वेलावरून, मेथीच्या ओळी तुडवत. "थुका! ताई, थुका ते! थुका!"

ताई घाबरल्या. घाबरून त्यांनी तोंड मिटलं आणि गिळायला लागल्या. नागूबाईनं त्यांची हनुवटी धरली, जबडा दाबला आणि आपली दोन बोटं त्यांच्या तोंडात घातली. दुसऱ्याच्या पेल्याला ओठ न लावणारी नागूबाई. तिनं त्या आजारी बाईच्या तोंडातून लाळेत भिजलेला हिरवा चोथा खरवडून काढला, गालाच्या आतून, जिभेखालून, पुन्हा पुन्हा. ताईंना उमासा आला. पिवळं पाणी नागूबाईच्या मनगटावर आलं. तिनं हात मागं घेतला नाही.

सर धावत आले. "काय झालं? काय चावलं?"

"औषध मारलंया," नागूबाई धापा टाकत म्हणाली. "परवा. हरभऱ्यावर औषध मारलंया."

सरांनी तांब्या घेतला, ताईंना चुळा भरायला लावल्या. एक, दोन, पाच, आठ. रुमालानं त्यांचं तोंड पुसलं. ताई बांधावर बसल्या. बसल्या जागेवरून त्यांना समोर तुरकाटी दिसत होती.

"ती चिंधी कशाची हो?" त्यांनी विचारलं.

बलभीम पंपाच्या खोलीकडं बघत होता. शेवटी शिवकन्या बोलली, हातातला उंडा तसाच धरून. तिच्या आवाजात ना लाज होती ना राग. "चिंधीच्या अलीकडचं घरचं, ताई. पलीकडचं बाजाराचं."

"तू गप," योगीराज म्हणाला.

"कामून गप? त्यांनी इचारलं."

सरांनी तिकडं पाहिलं. चिंधीच्या अलीकडं मेथीच्या पानांना भोकं होती, एक-दोन पानं तर नुसत्या शिरा उरलेली. पलीकडं मेथी कापलेल्या हिरव्या कापडासारखी पसरली होती. शिक्षक माणूस, त्यांनी उत्तर स्वतःच काढलं. तरी विचारलं.

"आमची मेथी?"

"पलीकडची," शिवकन्या म्हणाली.

"दोन वर्षं?"

नागूबाईचा ओला हात तसाच लोंबत होता. ती म्हणाली, "म्या दोनदा धुवून आणत व्हते, सर. तुमची तीनदा."

सरांनी तिच्याकडं पाहिलं, आणि तो चेहरा तिनं ओळखला. नाक किंचित वर, ओठ मिटलेले, नजर वस्तूवर नाही तर वस्तूच्या जरा बाजूला. चहावाल्याच्या बादलीकडं बघताना तिचा स्वतःचा असाच चेहरा होत असणार. सव्वीस वर्षं तो तिनं दुसऱ्यांना दाखवला होता. समोरून तो कसा दिसतो, हे तिला आज कळलं.

ते दोघं जेवले नाहीत. येळवशीला आलेलं माणूस न जेवता शेतातून जात नाही. गेलं, असं तिच्या आठवणीत एकदाही नव्हतं. स्कूटर सुरू झाली तेव्हा वाढलेल्या पानावरचं लोणी वितळून बाजूला ओघळलं होतं.

"तुला कुणी सांगितलं व्हतं बोंबलायला?" स्कूटरचा आवाज विरायच्या आत बलभीम नागूबाईवर ओरडला. "एका शेंड्यानं माणूस मरत न्हाय."

"मंग आपल्या ओळीत कामून मारत न्हाईत तुमी?"

"ते घरापुरतं हाय."

"तेच इचारती म्या."

बलभीमनं पान ओढलं आणि भज्जी खायला लागला, मोठमोठे घास घेऊन. योगीराजही बसला. नागूबाईनं त्या दिवशी काही खाल्लं नाही. हात मात्र तिनं धुतला नाही. संध्याकाळी शिवकन्येनंच पाणी ओतून तो धुवून दिला, तान्ह्या लेकराचा धुवावा तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नागूबाई शेतात गेली, तुरकाटीवरची चिंधी सोडली आणि कमरेला खोचली. मग पलीकडची मेथी खुडली, पाटीभर. घरी येऊन तीनदा धुतली, जशी सरांची धुवायची तशीच. लसूण-मिरचीची फोडणी देऊन परतली, वर दाण्याचं कूट टाकलं. दुपारी बलभीम आणि योगीराज जेवायला बसले. नातीच्या ताटात तिनं दूध-भाकरी दिली.

बलभीमनं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीवर नेला आणि थांबला. पानं मोठी होती, अखंड, एक भोक नव्हतं. शेतकऱ्याला भाजीचा पत्ता विचारावा लागत नाही.

"ह्ये कुठलं?"

"पलीकडचं."

त्यानं तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. योगीराजनं तर ताटच मागं सारलं. "येडी झाली का माय तू? गेल्या बाजाराला मारलंया त्यावर."

"तीनदा धुतलंया."

"धुऊन जातंय व्हय ते?"

"न्हाय जात? मला वाटलं, जातंय." नागूबाई त्यांच्यासमोर खाली बसली. "खा की. टवटवीत हाय. गिऱ्हाईक पहिलं ह्यालाच हात घालतंय. सरांच्या बायकूनं दोन वर्षं खाल्लंया, ती मेली का? खा."

कुणी खाईना. मग तिनं स्वतः ताट ओढलं आणि घास घेतला. चावला. गिळायचा प्रयत्न केला. तिचा घसा आयुष्यभर तिच्यापेक्षा शहाणा होता. घास आत जाईना. ती उठून मोरीपाशी गेली आणि थुंकली. मग पुन्हा थुंकली, मग नुसती थुंकतच राहिली. शिवकन्येनं ते पातेलं उचललं आणि उकिरड्यावर पालथं केलं. गोठ्यातली म्हैस मान वळवून बघत होती, पण म्हशीला घाल असं कुणी म्हणालं नाही.

त्या दिवसापासून घरात चार दिवस नुसता वाद. अळी कोण वेचणार? म्या वेचती. पाऊण एकर? व्हय, पाऊण एकर. पिवळं पडलं तर? पडू द्या. योगीराजनं निंबोळीचा अर्क आणला, शिवकन्येनं लसूण-मिरची वाटून गोमूत्रात कालवली. त्या डब्याचा असा घाण वास सुटला की नागूबाई नाकाला पदर लावून पळाली. पण फवारताना मागं मागं चालली. शेवटी बलभीम एवढ्यावर आला, की भाजीच्या तुकड्यात आता औषध मारायचं नाही. हरभऱ्यावर मात्र मारायचं.

"हरभरा काय आपुन खातो व्हय? ते यापाऱ्याला जातंय. डहाळे बाजारात जात्यात," तो म्हणाला.

बोलताना त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. नागूबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं. चिंधी आता चार ओळींशी नव्हती. बांधावर आली होती, एवढंच. तिनं भांडून पाहिलं, रडून पाहिलं, एक दिवस जेवण बंद ठेवून पाहिलं. बलभीम हलला नाही. जमीन त्याच्या नावावर होती आणि पंप त्याच्या पाठीवर.

पौषातल्या बाजारी नागूबाई पाटी घेऊन बसली. एकीकडं भोकं पडलेली मेथी, दुसरीकडं हरभऱ्याच्या हिरव्यागार डहाळ्यांच्या पेंड्या. हरणाबाईनं मेथीची एक पेंडी उचलून उजेडात धरली. "आगं सोवळे, ही मेथी हाय का चाळणी?"

सर आले. कापडी पिशवी रिकामीच होती. ते न थांबता पुढं जात होते, तेवढ्यात तिनं हाक मारली.

"सर, मेथीवर औषध न्हाय आता. हरभऱ्यावर हाय. तुमाला सांगती."

ते थांबले. "आम्ही गच्चीत पोत्यांत लावलीय भाजी. मेथी आली बोटभर. आता विकत घेत नाही कुणाकडूनच."

"ताई?"

"बरी आहे." जायला वळून ते पुन्हा थांबले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी तुमच्या हातांवरून भाजी घेतली, नागूबाई. हात बघून घेऊ नये, एवढं मला समजायला पाहिजे होतं. शिकवलंय मी आयुष्यभर पोरांना."

ते गेले. नागूबाईनं दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले.

मग एक नोकरदार बाई आली, खांद्याला पर्स, हातात मोबाइल. तिनं मेथीची पेंडी उचलली आणि लगेच टाकली. "शी! अळी आहे यात!"

"हाय," नागूबाई म्हणाली. तिनं ती हिरवी अळी बोटानं उचलून बाजूला ठेवली. "तिला काय झालं न्हाय म्हंजी तुमालाबी काय व्हायचं न्हाय."

बाईनं अंग चोरलं. तिची नजर हरभऱ्यावर गेली. "हे छान आहे. मावशी, तुम्ही घरी हेच खाता ना?"

"मेथी व्हय," नागूबाई म्हणाली. "हरभरा न्हाय."

बाईला वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. ती हसली, मग तिचं हसू गेलं. मग ती दोन पावलं सरकून हरणाबाईपुढं उभी राहिली. हरणाबाईची मेथी ताठ होती, तजेलदार, एकाही पानाला भोक नाही.

"हे तरी चांगलं आहे ना? घरी हेच खाता?"

"व्हय जी," हरणाबाई म्हणाली. "हेच खातो."

तिनं पेंडी झटकली तसा सडक्या लसणाचा वास नागूबाईपर्यंत आला. नागूबाईनं तांब्याचं फडकं सोडलं, तोंडात पाणी घेतलं, खळखळून चूळ भरली आणि पाटीमागं थुंकली. मग पुन्हा भरली. तांब्या संपला तरी वास जाईना.